बोली २ लाख ४० हजार, बिल ३ लाख: जुना लेथ ऑनलाईन लिलावात घ्यावा का?

पत्र असं आहे:

"नमस्कार सर, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि भाऊ बघतो. फाउंड्रीवाल्यांची कास्टिंगं मशीनिंग करून देतो. दोन जुने लेथ आहेत पण मोठ्या जॉबला पुरत नाहीत. वापीला एक कंपनी बंद पडलीय, तिची मशीनं ऑनलाईन लिलावात निघालीत, त्यात एचएमटीचा एनएच-२६ लेथ आहे. आम्ही २ लाख ४० हजारापर्यंत जायचं ठरवलंय. पण अटी वाचल्या तर बोलीवर ५ टक्के बायर्स प्रीमियम आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ३ लाखाला टेकतंय. पहिल्या मालकाने टॅक्स भरलाच असणार, मग जुन्या मशीनवर परत टॅक्स कसला? वडील म्हणतात गुजरातचा माल घेतला की सेल्स टॅक्स बुडीत, इथलंच काहीतरी बघा. इथला एक जुन्या मशीनचा व्यापारी तसाच लेथ २ लाख ६० ला देतो म्हणतो, पण बिल नाही, रोख. लिलाववाल्यांना फोन केला तर म्हणाले डिलिव्हरी वापीला आहे त्यामुळे गुजरातचा सीजीएसटी-एसजीएसटी लागणार. फोटो चांगले दिसतायत, बघायला अजून गेलो नाही, पाहणीची मुदत या शुक्रवारपर्यंत आहे. आमचा जीएसटी नंबर रेग्युलर आहे. काय करावं?"

ताई, पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंय की नंबर रेग्युलर आहे, ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, कारण सगळा हिशोब त्या एका शब्दावर फिरतो. तुम्हाला त्या १८ टक्क्यांची धास्ती बसलीय आणि खरं सांगू का, तुमच्या केसमध्ये तो टॅक्स हा खर्चच नाहीये, अट एकच की कागद बरोबर झाला पाहिजे. उलट जे खरोखर खिशातून कायमचे जाणार आहेत ते पैसे तुमच्या पत्रात कुठेच नाहीत.

आधी आकडे मांडू. बोली २,४०,०००. त्यावर लिलाव कंपनीचा ५ टक्के बायर्स प्रीमियम १२,०००. झाले २,५२,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे ४५,३६०. एकूण २,९७,३६०, म्हणजे तुमचं "३ लाखाला टेकतंय" बरोबर आहे. आता यातले ४५,३६० तुम्हाला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतात. तुम्ही फाउंड्रीवाल्यांना जॉबवर्कचं बिल करताना जीएसटी लावता तो दर महिन्याला भरताच ना, त्यातून हे वळते होतात, आणि मशीनचं क्रेडिट वर्षानुवर्षं तुकड्या तुकड्याने मिळतं असंही नाही, एकदम पूर्ण घेता येतं, तुमचा भरायचा टॅक्स कमी असेल तर उरलेलं पुढच्या महिन्यांत वापरता. म्हणजे रोख रक्कम काही महिने अडकते, हे खरं, तेवढी सोय करून ठेवा. पण बुडत नाही.

आणि बुडणारे कुठले? वापीला मशीन फाउंडेशनवरून सोडवणं, हायड्रा (क्रेन), गाडी, तिथल्या आणि इथल्या लोडिंगच्या माणसांचे पैसे, शिरोलीत परत हायड्रा, लेव्हलिंग. एनएच-२६ म्हणजे अडीच-तीन टनांचा ऐवज, तो चार माणसांनी छोटा हत्तीत टाकून आणायचा प्रकार नाही. हे सगळं मिळून ४५ हजार धरू, तुम्ही कोटेशन घेतलंत की आकडा बदला. मग आल्यावर बेअरिंग, क्रॉस स्लाईडचा नट, वायरिंग, कूलंट पंप, जॉब धरणारा एखादा चक, यासाठी ४० हजार बाजूला ठेवा, बंद कंपनीतलं मशीन आणून बटण दाबलं आणि चालू झालं असं क्वचित होतं. झाले ८५ हजार. म्हणजे तुमच्या शेडमध्ये उभा राहून चिप काढायला लागेपर्यंत या लेथची खरी किंमत २,५२,००० अधिक ८५,०००, म्हणजे ३,३७,००० आहे. टॅक्सच्या ज्या ४५ हजारांवरून घरात चर्चा चाललीय ते परत येणारे आहेत आणि ज्या ८५ हजारांचा विषयच निघाला नाही ते जाणारे आहेत.

म्हणून बोली लावायची पद्धत उलटी करा. बाजारात असाच लेथ, चालू स्थितीत, बिलासकट, तुमच्या दारात कितीला पडेल ते आधी दोन-तीन ठिकाणी विचारा. समजा तुम्ही म्हणालात की आपल्याला तो ३,१०,००० च्या वर परवडत नाही. त्यातून ८५ हजार वजा करा, राहिले २,२५,०००. हे प्रीमियमसकट आहेत, म्हणून १.०५ ने भागा, येतात २,१४,२८५. म्हणजे तुमची शेवटची बोली २ लाख १४ हजार, २ लाख ४० नाही. हा आकडा कागदावर लिहून भावाच्या हातात द्या आणि माऊसही त्याच्याच हातात द्या, किंवा उलट, घरात ज्याचं डोकं थंड असेल त्याच्याकडे. ऑनलाईन लिलावात शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते, परत कुणी लावली की परत वाढते, आणि समोरचा कोण आहे ते दिसत नाही त्यामुळे "अजून पाचशेच तर" करत करत माणूस कुठल्या कुठे जातो. समोर बसलेला भंगारवालाही असू शकतो जो किलोच्या भावाने मोजतोय, आणि तो जिथे थांबला तिथून पुढे तुमच्यासारखेच कुणीतरी वर्कशॉपवाले एकमेकांना वर चढवत असतात.

आता "परत टॅक्स कसला" याचं उत्तर. जीएसटी हा वस्तू नवी की जुनी यावर नाही, विक्रीवर आहे. नोंदणी असलेल्या कंपनीने धंद्यातलं मशीन विकलं की ती विक्री झाली, टॅक्स लागणार. पहिल्या मालकाने मशीन घेताना भरलेला टॅक्स त्याने बहुतेक आपल्या क्रेडिटमध्ये घेऊन टाकलेला असतो, म्हणजे साखळीत तो पुढे आलाय, दोनदा बसलेला नाही. ज्याची नोंदणीच नाही अशा माणसाकडून, म्हणजे समजा गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या टर्नरने वर्कशॉप बंद करून लेथ विकला, तर जीएसटी लागत नाही. आणि जुन्या मालाचे व्यापारी, ज्यांनी खरेदीवर क्रेडिट घेतलेलं नाही, त्यांना फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर टॅक्स भरायची सोय आहे, त्यामुळे त्यांच्याकडे टॅक्स कमी दिसतो. पण तुमच्यासारख्या रेग्युलरवाल्याला कमी टॅक्स म्हणजे स्वस्त असं नसतं, हे आता लक्षात आलं असेल. हेच तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक दराच्या योजनेत, असतात तर मी वेगळं बोललो असतो, तिथे क्रेडिट मिळत नाही, सगळे ४५,३६० खर्चात जातात आणि लेथ पडतो ३,८२,३६० ला. तेव्हा शेजारच्या शेडमधल्या कंपोझिशनवाल्याने "लिलावाच्या नादी लागू नका" असा सल्ला दिला तर तो त्याच्या जागी बरोबर आहे, तुमच्या नाही.

वडिलांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या काळात ते शंभर टक्के खरं होतं. जुलै २०१७ च्या आधी परराज्यातून माल घेतला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, सी फॉर्म दिला तर २ टक्के, नाही दिला तर जास्त, आणि त्याचा सेट-ऑफ महाराष्ट्राच्या व्हॅटमध्ये मिळायचा नाही. गेला तो गेला. वर सी फॉर्म मिळवायला कर सल्लागाराच्या मागे फिरायचं ते वेगळंच. त्यामुळे त्या पिढीतल्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांचा नियम होता की शक्यतो राज्यातलंच घ्या. आता परराज्यातल्या खरेदीवर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी लागतो आणि त्याचं क्रेडिट पूर्ण मिळतं, त्यामुळे वापी काय आणि वाळूज काय, टॅक्सच्या बाजूने सारखंच.

पण! लिलाववाल्यांनी फोनवर जे सांगितलं ना, गुजरातचा सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा टॅक्स लावू, तसं त्यांनी खरंच केलं तर वडिलांचं म्हणणं आजच्या तारखेला परत खरं ठरतं. कारण गुजरातचा एसजीएसटी तर सोडाच, त्या बिलातला सीजीएसटीसुद्धा तुम्हाला महाराष्ट्राच्या नंबरवर वापरता येत नाही. पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे क्रेडिटच्या मासिक यादीत, ते बिल दिसेल, पण "क्रेडिट उपलब्ध नाही" या बाजूला दिसेल, विक्रेत्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच आणि तुमचं राज्य वेगळं असं कारण दाखवून. तेव्हा मग रडून उपयोग नसतो, कंपनी बंद, लिलाववाला पुढच्या लिलावात, बिल बदलून कोण देणार?

मुळात ते बोलतायत ते बरोबर नाहीये. आयजीएसटी कायद्याचं कलम १०(१)(अ) असं म्हणतं की विक्रीत मालाची हालचाल होत असेल, मग ती विकणाऱ्याने करो, घेणाऱ्याने करो किंवा तिसऱ्या कुणी, तर हालचाल जिथे संपते ते पुरवठ्याचं ठिकाण. "घेणाऱ्याने करो" हे कायद्यातच आहे. म्हणजे तुम्ही स्वतःची गाडी पाठवून वापीहून उचललंत तरी लेथ शेवटी शिरोलीत उतरतोय, पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, टॅक्स आयजीएसटी. पण लिलाववाल्या ऑफिसातला बिल करणारा माणूस गेटवर डिलिव्हरी एवढंच बघतो आणि सवयीने स्थानिक टॅक्स लावतो. म्हणून बोली लावायच्या आधी, आधी म्हणजे आधी, एक मेल टाका: आमचा जीएसटी नंबर अमुक, बोली जिंकल्यास मशीन वापीहून शिरोली, कोल्हापूर येथे नेणार, बिलावर पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र आणि आयजीएसटी १८ टक्के लावाल याची खात्री द्यावी. फोनवरचं "हो हो होऊन जाईल मॅडम" चालणार नाही, मेलचं उत्तर पाहिजे. आणि लिलावाच्या पोर्टलवर नोंदणी करताना महाराष्ट्राचाच नंबर, तोच पत्ता टाका, बिल तिथूनच उचललं जातं.

मेलला उत्तर "नाही, आयजीएसटी लावणार नाही" असं आलं तर टॅक्स खर्चात धरून परत गणित करा: २,२५,००० ला १.०५ ने आणि वर १.१८ ने भागायचं, येतात साधारण १ लाख ८१ हजार. म्हणजे एका चुकीच्या ओळीमुळे तुमची बोली ३३ हजारांनी खाली येते. तेवढ्याला मिळाला तर घ्या, नाही तर सोडा.

दुसरी गोष्ट, कंपनी बंद पडलीय म्हणालात. तर विकतंय कोण? कंपनी स्वतः, बँक, की कंपनी गुंडाळायला नेमलेला लिक्विडेटर? आणि ज्याच्या नावाने बिल होणार त्याचा जीएसटी नंबर चालू आहे का? बंद कंपन्यांचे बऱ्याचदा रिटर्न भरलेले नसतात, नंबर रद्द झालेला असतो, आणि रद्द नंबरवरून टॅक्स घेतला तर तो तुमच्या २बी मध्ये कधीच उमटत नाही. हे तपासायला काही लागत नाही, लिलाववाल्यांकडून विक्रेत्याचा नंबर मागा, जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही "सर्च टॅक्सपेअर" मध्ये टाका, ॲक्टिव्ह आहे की कॅन्सल्ड ते लिहून येतं आणि खाली शेवटचे रिटर्न कधी भरलेत त्याचा तक्ताही उघडतो. सहा-सहा महिने रिटर्न नसतील तर तुमचं बिलही तसंच लटकणार. प्रीमियमचं बिल बहुधा लिलाव कंपनी वेगळं देते, तिचा नंबरही असाच बघा. कधी सरकारी खात्याचं, म्हणजे समजा एखाद्या सरकारी आयटीआयचं जुनं मशीन लिलावात घेतलंत तर आणखी वेगळं आहे, तिथे जुन्या सामानावर रिव्हर्स चार्ज आहे, टॅक्स ते लावत नाहीत, तुम्ही स्वतः भरायचा, जुन्या क्रेडिटमधून नाही, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. (आयटीआयचे लेथ घ्यायला मला आवडतात, बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो पाया, फारसा झिजलेला नसतो कारण दिवसभर प्रॉडक्शन नसतं, फक्त पोरांनी चकचे जॉ आणि कंपाऊंड स्लाईडवर टूल घासून घासून जी नक्षी काढलेली असते ती सहन करायची.)

बिलावर काय लिहिलंय तेही बघा. काही लिलावांत सगळा माल "स्क्रॅप" म्हणून काढतात. मग बिलावर लोखंडी भंगार, कोड ७२०४, वर स्क्रॅप म्हणून टीसीएस (विक्रेत्याने आधीच कापलेला इन्कम टॅक्स), आणि गाडीत मात्र अख्खा लेथ उभा. रस्त्यात अधिकाऱ्याने ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाईन कागद, मागितलं तर तो कागद बघणार आणि ताडपत्रीखालचं मशीन बघणार. लेथचा कोड ८४५८ आहे, तोच बिलावर पाहिजे, वर्णनात मेक, मॉडेल, सिरीयल नंबर पाहिजे, तरच ते तुमच्या पुस्तकात मशीन म्हणून चढतं आणि त्यावर १५ टक्के घसारा मिळतो. टीसीएस लावलाच असेल तर तो खर्च समजू नका, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्समध्ये वळता होतो. एक गोष्ट सीएला विचारून घ्या: घसाऱ्याच्या किमतीत जीएसटीची रक्कम धरायची नाही, क्रेडिट आणि घसारा दोन्ही एकाच रुपयावर मिळत नाही.

ई-वे बिल वापी ते शिरोली लागणारच, परराज्यातून ५० हजारांच्या वर माल आला की लागतं. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते म्हणजे तीन दिवस मिळतील, गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवून घ्या, ड्रायव्हरवर सोडू नका.

आता तो रोखवाला. २ लाख ६० ऐकायला छान वाटतं कारण तुम्ही ते २,९७,३६० शी ताडून बघताय. ताडायचं आहे २,५२,००० शी. म्हणजे नुसत्या मशीनच्या किमतीत बिलाशिवायचा लेथ बिलवाल्यापेक्षा ८ हजारांनी महागच आहे, फायदा एवढाच की वापीची वाहतूक वाचेल. त्यातही दिवसाला १० हजारांच्या वर रोख देऊन मशीन घेतलं तर ती रक्कम घसाऱ्यासाठी धरत नाहीत. बँकेत कर्जाला गेलात तर हे मशीन तुमचं आहे याचा कागद नाही, विम्याला नाही, उद्या विकायला काढलं तरी नाही. शिवाय ते मशीन कुठल्या बँकेकडे तारण असेल आणि कुणाच्या शेडमधून रात्रीत उचललं असेल ते तुम्हाला कसं कळणार? आणि बिगर बिलाचा माल टेम्पोत सापडला तर दंड टॅक्सच्या दुप्पट असतो. व्यापारी वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याला सांगा बिल दे, चेक घे, काय भाव? जो भाव सांगेल त्यात दम असेल तर विचार करा, कारण त्याच्याकडे निदान मशीन चालवून बघता येतं आणि नंतर भांडायला दुकान जागेवर असतं. लिलावात "जसं आहे, जिथं आहे, जे काही आहे" या अटीवर विक्री होते, पैसे भरल्यावर हेडस्टॉक, म्हणजे गिअरची पेटी, रिकामा निघाला तरी तक्रार ऐकायला कुणी नाही.

आणि म्हणूनच फोटो बघून बोली लावू नका. ताई, फोटोत सगळे लेथ सारखेच दिसतात. त्यातून ताजा हिरवा रंग मारलेला दिसला तर मी आधी विचारतो की कशावर मारलाय. पाहणी शुक्रवारपर्यंत आहे तर बुधवारी रात्रीच्या गाडीने निघा, भावाला घेऊन, आणि शक्य असेल तर तुमच्याकडचा सगळ्यात खडूस टर्नर असेल त्यालाही घेऊन. सोबत डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, टॉर्च, चिंध्या, थोडं डिझेल, ॲलन की, पाने. बंद कंपनीत लाईट नसते हे धरून चला.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा बेड. चकपासून हात-दीड हात बेडवरचं ऑइल आणि घाण डिझेलने पुसा आणि बोटाचं नख आडवं फिरवा, टूल घेऊन सरकणारं कॅरेज जिथून चालतं आणि जिथून कधीच चालत नाही त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पायरी लागते का बघा. थोडी लागणारच, जुना लेथ आहे. मग खरी परीक्षा अशी करा की कॅरेज चकजवळ आणा, त्याचा लॉक बोल्ट हलका आवळा, इतका की हँडव्हील जरा जड फिरेल, आणि तसंच दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे नेत जा. लेथवर बहुतेक काम आखूड जॉबचं होतं त्यामुळे बेड चकच्या बाजूलाच झिजतो आणि टेलस्टॉककडे कोरा राहतो. हँडव्हील शेवटपर्यंत सारखं फिरलं तर मजा आहे, अर्ध्यात जाऊन पार अडकलं तर समजायचं की बेड ग्राइंड करून घ्यावा लागेल, आणि तो खर्च मशीनच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतही जाऊ शकतो, तिथेच परत फिरा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि फोटोतून ते कधीच कळत नाही.

मग गिअर न्यूट्रलला टाकून चक हाताने फिरवा, अडखळतोय का, कुरकुर येते का. स्पिंडलच्या नाकावर डायल लावून चकखाली लाकडाचा दांडा घालून वर उचला, काटा किती हलतो ते बघा. हेडस्टॉकचं झाकण उघडू देत असतील तर उघडाच, गिअरचे दात बघा, ऑइल दुधासारखं पांढरं झालं असेल तर पाणी गेलंय, पावसाळ्यात शेड गळत होती हे कळलं. क्रॉस स्लाईडचं हँडल मागे-पुढे करून किती मोकळं फिरतं ते बघा, ते नट बदलून निघतं, त्याला घाबरायचं नाही. हाफ नट गुंतवून बघा. गॅप बेडचा तुकडा जागेवर आहे का? चेंज गिअर, स्टेडी, फोर जॉ चक, फेस प्लेट? यादीत "विथ ॲक्सेसरीज" लिहिलेलं असतं आणि उचलायच्या दिवशी ॲक्सेसरीज म्हणजे एक गंजलेला टूल पोस्ट निघतो. त्यामुळे जे जे आहे त्याचे फोटो काढा, सिरीयल नंबरच्या प्लेटचा काढा, तिथल्या सुपरवायझरला फ्रेममध्ये घेऊन काढलात तर फारच उत्तम.

तिथेच उभं राहून उचलायचंही बघून घ्या. हायड्रा शेडच्या आत येतो का की दारापर्यंत रोलरवर ढकलत आणावं लागेल, वरची बीम किती उंच आहे, आणि लोडिंगला बाहेरची माणसं चालतात की तिथल्याच गटाला द्यावं लागतं. पैसे भरायची आणि माल उचलायची मुदत अटींमध्ये असते, ती चुकली की दिवसाला ग्राउंड रेंट, फारच चुकली तर अनामत जप्त. लेथ एकट्याच्या लॉटमध्ये आहे ना तेही बघा, कधी कधी एका लॉटमध्ये लेथ, मोडके रॅक आणि चार टन कचरा असं असतं आणि सगळं उचलणं बंधनकारक असतं. आणि सगळ्यात मोठी बोली तुमची लागली म्हणजे मशीन तुमचं झालं असं नाही, बऱ्याच लिलावांत विक्रेत्याची मंजुरी बाकी असते, तोपर्यंत अनामत अडकून पडते आणि तेवढ्यात दुसरं चांगलं मशीन हातचं जातं. अनामत भरताना खातं कुणाच्या नावावर आहे ते वाचा, एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात किंवा फोन नंबरवर मागत असतील तर तिथेच थांबा, खोट्या लिलावांच्या साईटही निघाल्यात.

शिरोलीत परत येऊन एक काम राहील, महावितरणचा तुमचा मंजूर लोड किती आहे आणि या लेथच्या मोटरची प्लेट काय म्हणते ते ताडा.

तर आज मेल टाका, दोन प्रश्न, विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि आयजीएसटीची खात्री. पाहणीला जाऊन या, मेलचं उत्तर आलं नसेल तरी जा, बेड बघितल्यावर कदाचित मेलची गरजच उरणार नाही. दोन्ही ठीक असतील तर २ लाख १४ हजारांपर्यंत बिनधास्त लढा. मेलला उत्तर नाही, नंबर सापडत नाही, "आधी अनामत भरा मग बघू" असं चाललं असेल तर हा लॉट सोडून द्या, एनएच-२६ एचएमटीने काही थोडे बनवले नाहीत, बंद शेड आहेत तोवर ते लिलावात येत राहणार आहेत. आणि वडिलांना न्यायचंच वापीला, बेडवर नख फिरवायला त्यांच्याइतका तयार हात तुमच्या घरात दुसरा कुणाचा असेल असं मला वाटत नाही.